सेकंदभर जगणाऱ्या मूलकाची मोजणी

भाताच्या खाचरांतून, गाईगुरांच्या पोटांतून आणि कचऱ्याच्या ढिगांतून निघणारा मिथेन हवेत कायमचा राहत नाही. सरासरी नऊ-दहा वर्षांत तो नाहीसा होतो. गाड्यांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दोनएक महिन्यांत संपतो. झाडांनी सोडलेला आयसोप्रीन तर दुपारच्या उन्हात तासा-दोन तासांपलीकडे टिकत नाही. या तिघांना मोडायला सुरुवात करणारा मुख्य कर्ता एकच आहे. ऑक्सिजनचा एक अणू आणि हायड्रोजनचा एक अणू मिळून झालेले हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे ओएच. त्याच्यातला एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो. त्यामुळे ते समोर येईल त्या रेणूतून हायड्रोजन ओढून घेते किंवा सरळ त्या रेणूला चिकटते. आपण श्वासात घेतो ती हवा वायूंच्या साठ्याने गुदमरून जात नाही, याचे बरेचसे श्रेय या मूलकाकडे जाते.

अडचण आहे ती त्याला मोजण्याची. समुद्रसपाटीजवळच्या एका घनसेंटिमीटर हवेत २५ वर अठरा शून्ये इतके रेणू असतात. त्यांत ओएचची संख्या सरासरीने दहा लाखांच्या आसपास आणि भर उन्हात फार तर एखाद्या कोटीच्या घरात असते. म्हणजे दर २५ लाख कोटी रेणूंमागे एक. शिवाय ते टिकत नाही. स्वच्छ हवेत त्याचे आयुष्य सेकंदभर किंवा त्याहून कमी आणि शहराच्या धुरकट हवेत सेकंदाचा दहावा किंवा शंभरावा भाग. बाटलीत हवा भरून प्रयोगशाळेत न्यावी, तर बाटलीच्या भिंतीला लागताच ते संपते. इतर वायूंसाठी चालणारे नेहमीचे मार्ग इथे पहिल्याच पायरीवर बंद होतात.

मग ते हवेत आहे हे कळले कसे? १९७१ साली हायरम लेव्ही यांनी कागदावरच ते दाखवून दिले. ओझोनवर सुमारे ३२० नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा जंबुपार प्रकाश पडला, की त्यातून उत्तेजित ऑक्सिजन अणू सुटतो. असे बहुतेक अणू नायट्रोजन-ऑक्सिजनवर आदळून थंडावतात. पण दमट हवेत दहातला एखादा अणू पाण्याच्या वाफेच्या रेणूवर आदळतो आणि एकदम दोन ओएच तयार होतात. तोवर ही रसायने वातावरणाच्या वरच्या थरांपुरती आहेत असे मानले जाई. लेव्हींच्या गणिताने ती आपल्या डोक्याएवढ्या उंचीवर आणून ठेवली. पुढचा प्रश्न साहजिक होता: गणित म्हणते तेवढे ओएच खरोखरच आहे का? या प्रश्नाला विश्वासाने उत्तर देता यायला तीसएक वर्षे लागली. त्या वाटेवर शास्त्रज्ञांना ओएच जेवढे कळले, तेवढेच आपल्या यंत्रांचे दोषही कळले. माझ्या मते या कथेतला तोच भाग अधिक मोलाचा आहे.

आज ओएच थेट मोजण्याच्या तीन पद्धती चालतात. पहिली, प्रकाश किती शोषला गेला ते पाहण्याची. दुसरी, ओएचला उजळवून त्याचा प्रकाश मोजण्याची. तिसरी, त्याला एका रासायनिक क्रियेत गुंतवून तिचे फळ मोजण्याची.

शोषणाची पद्धत समजायला सगळ्यांत सोपी आणि उभारायला सगळ्यांत कठीण. तिला डोआस म्हणतात. ओएच ३०८ नॅनोमीटरच्या आसपास काही ठरावीक, अतिशय अरुंद रेषांवर प्रकाश शोषते. हवेतून लेसरचा किरण सोडायचा, पलीकडे त्याचा वर्णपट घ्यायचा आणि त्या रेषांच्या जागी प्रकाश किती घटला ते पाहायचे. एका रेणूची शोषणक्षमता प्रयोगशाळेत ठरवलेली आहे आणि किरणाचा मार्ग किती लांब हे माहीत आहे. त्यामुळे ओएचची संख्या सरळ गणिताने मिळते. यंत्र कशाशी ताडून पाहण्याची गरजच उरत नाही. हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण.

पण प्रकाश घटतो तरी किती? दोन किलोमीटरहून थोडा लांब मार्ग आणि घनसेंटिमीटरमागे दहा लाख ओएच धरले, तर घट येते लाखात तीन भागांएवढी. त्याच पट्ट्यात सल्फर डायऑक्साइड आणि फॉर्मल्डिहाइडही प्रकाश शोषतात, तेही कित्येक पटींनी. म्हणून नुसती घट मोजून भागत नाही. प्रत्येक वायूच्या वर्णपटाची ठेवण वेगळी असते. त्या ठेवणीवरून एकेकाचा वाटा वेगळा काढावा लागतो. जर्मनीतल्या यूलिश इथल्या संशोधकांनी १९७६ मध्ये कित्येक किलोमीटर लांब किरण मोकळ्या हवेतून पाठवून या मार्गाने ओएचचा पहिला माग काढला. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फ्रिट्झ पीकवर १९९० नंतरच्या वर्षांत किरणाचा जाऊन-येऊन मार्ग वीसएक किलोमीटरचा होता. इतक्या लांब मार्गात एक गोची आहे. मिळणारा आकडा सबंध दरीची सरासरी असतो. शेजारी उभे केलेले दुसरे यंत्र मात्र एकाच जागची हवा ओढत असते. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर दोष यंत्राचा की हवेचा हे सांगता येत नाही. पुढे आरशांच्या जोडीत किरणाला मागे-पुढे खेळवून लांब मार्ग थोड्या जागेत बसवला गेला. यूलिशच्या साफिर नावाच्या प्रयोगकक्षात (त्याविषयी पुढे) किरण ११२ फेऱ्या मारतो आणि २२४० मीटर चालतो. हे आरसे जराही हलून चालत नाहीत, म्हणून अशी यंत्रे जगात फार थोड्या ठिकाणी आहेत आणि विमानात तर बसवताच येत नाहीत.

दुसरी पद्धत अनुस्फुरणाची, तिला एलआयएफ म्हणतात. योग्य तरंगलांबीचा लेसर पडला की ओएच उत्तेजित होते आणि खाली येताना स्वतःचा प्रकाश सोडते. तो प्रकाश एकेका कणाने मोजायचा. सुरुवातीला, १९७० नंतरच्या दशकात, २८२ नॅनोमीटरचा लेसर वापरला जाई. तो ओएचला उजळवायचा, पण त्याच क्षणी हवेतल्या ओझोनलाही फोडायचा. फुटलेल्या ओझोनमधून उत्तेजित ऑक्सिजन, त्यातून पाण्याच्या वाफेशी क्रिया आणि त्यातून नवे ओएच! निसर्गात सूर्य जे करतो, तेच यंत्राच्या आत लेसर करत होता. यंत्र मोजत होते त्यातले बरेचसे ओएच यंत्रानेच बनवलेले होते.

यावर तोडगा निघाला अमेरिकेतल्या पोर्टलँड स्टेट विद्यापीठात. हार्ड, ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये फेज नावाची रचना मांडली. बाहेरची हवा मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान छिद्रातून एका पोकळीत ओढायची. पंपांच्या जोरावर त्या पोकळीतला दाब बाहेरच्या दाबाच्या काहीशेव्या भागावर आणलेला असतो. याने दोन कामे होतात. विरळ हवेत ओझोन आणि वाफ इतकी कमी असते, की लेसरमुळे होणारे बनावट ओएच फारच घटते. दुसरे काम अधिक सुंदर आहे. नेहमीच्या दाबाला उत्तेजित ओएचवर नायट्रोजन-ऑक्सिजनचे रेणू सतत आदळत असतात. त्यामुळे त्याचा प्रकाश एक-दोन नॅनोसेकंदांत विझतो आणि लेसरच्या विखुरलेल्या झोतात हरवून जातो. विरळ हवेत तोच प्रकाश काहीशे नॅनोसेकंद रेंगाळतो. मग लेसरचा झोत जाईपर्यंत प्रकाशग्राहक बंद ठेवायचा आणि झोत ओसरल्यावर उघडायचा. हवा विरळ केल्याने ओएचची संख्या घटते, पण उरलेले प्रत्येक ओएच अधिक वेळ उजळते. तोटा बराचसा भरून निघतो. पुढे उत्तेजनही ३०८ नॅनोमीटरवरच करू लागले. तिथे ओझोन कमी फुटतो आणि ओएच अधिक शोषते. आज लीड्स, यूलिश, माइन्झ, पेन स्टेट, लिल, इंडियाना आणि जपान-चीनमधले अनेक गट याच जातीची यंत्रे चालवतात. ती विमानातही बसतात आणि अर्ध्या-एक मिनिटात आकडा देतात.

लेसरची तरंगलांबी क्षणभर ओएचच्या रेषेवर आणि क्षणभर रेषेबाहेर न्यायची. दोन्ही संकेतांतला फरक म्हणजे ओएच, अशी या पद्धतीतली वजाबाकी. धूळ, विखुरलेला प्रकाश, इतर रेणूंची चमक हे सगळे या वजाबाकीत गळून पडते. एक गोष्ट मात्र गळत नाही. पोकळीच्या आत, दुसऱ्याच कुठल्या रेणूच्या विघटनातून जन्मलेले ओएच हेही खरेच ओएच असते. रेषेवर तेही चमकते, रेषेबाहेर विझते. ते बाहेरून आले की आत जन्मले, हे लेसरला कळण्याचा काहीच मार्ग नाही. ही फट पंचवीसएक वर्षे जवळपास दुर्लक्षित राहिली.

तिसरी पद्धत सिम्स. जॉर्जिया टेकच्या आयझेल आणि टॅनर यांनी १९९१ च्या सुमारास ती उभी केली. मला ती तिन्हींत सर्वांत चतुर वाटते. ओएचला पकडता येत नाही, तर त्याला असे काही बनवायला लावा की जे पकडता येईल. आत येणाऱ्या हवेत सल्फर डायऑक्साइड सोडतात. ओएच त्याच्याशी क्रिया करते आणि पुढच्या दोन पायऱ्यांत गंधकाम्ल बनते. पण हवेत आधीचे गंधकाम्लही असते, ते वेगळे कसे काढायचे? म्हणून सोडायचा सल्फर डायऑक्साइड गंधकाच्या ३४ वस्तुमानाच्या समस्थानिकाने बनवलेला असतो. निसर्गात बहुतेक गंधक ३२ वस्तुमानाचे. त्यानंतर या हवेत नायट्रेट आयन मिसळतात. गंधकाम्ल त्यांना आपला प्रोटॉन देऊन स्वतः आयन होते आणि वस्तुमान वर्णपटमापकात मोजले जाते. वस्तुमान ९७ वर दिसेल ते हवेतले मूळचे गंधकाम्ल. ९९ वर दिसेल ते मुख्यतः आपल्या ओएचने बनवलेले. एकाच मोजणीत दोन उत्तरे. संवेदनशीलता इतकी, की दक्षिण ध्रुवावरच्या हवेतही ओएच मोजता आले. बर्फातून निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडांमुळे तिथे अपेक्षेपेक्षा बरेच अधिक ओएच आहे हे याच पद्धतीने समोर आले.

सिम्सलाही आपली दुखणी आहेत. सल्फर डायऑक्साइडशी झालेल्या क्रियेतून हायड्रोपेरॉक्सी मूलक, म्हणजे एचओ-टू, बाहेर पडते. हवेत नायट्रिक ऑक्साइड असेल तर ते त्याचे पुन्हा ओएच करते. मग तेच ओएच दुसऱ्यांदा मोजले जाते. म्हणून क्रिया होताच प्रोपेन सोडून उरलेसुरले ओएच संपवून टाकतात. भर रहदारीच्या रस्त्यावर, जिथे नायट्रिक ऑक्साइड भरपूर, तिथे ही कसरत कठीण होते. पण या पद्धतीत पहिल्या दिवसापासून एक शिस्त होती, ती महत्त्वाची. अधूनमधून सल्फर डायऑक्साइडच्या आधीच प्रोपेन सोडायचा. बाहेरून आलेले सगळे ओएच त्यात मरते. तरीही ९९ वर जो संकेत उरतो, तो ओएचचा नव्हे, म्हणून वजा करायचा. फिनलंडच्या हुटिआला जंगलात मॉल्डिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले, की हा उरलेला संकेत नुसता कचरा नाही. ओएचखेरीज आणखी कोणीतरी सल्फर डायऑक्साइडचे गंधकाम्ल करत होते. संशय क्रीगी मध्यस्थ या, ओझोन आणि झाडांच्या वायूंच्या क्रियेतून होणाऱ्या, अल्पायुषी रेणूंवर गेला. वजा करून टाकायच्या आकड्यातून नवा कर्ता सापडला.

आता ताडून पाहण्याकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. एलआयएफ आणि सिम्स दोन्ही यंत्रे ओएचची संख्या सांगत नाहीत, फक्त संकेत देतात. या संकेताला अमुक इतके ओएच, हे नाते आधी ठरवावे लागते. त्यासाठी ज्ञात संख्येचे ओएच हवे. पण ते सिलिंडरमध्ये भरून विकत मिळत नाही, दर वेळी ताजे बनवावे लागते. दमट हवेच्या झोतावर पाऱ्याच्या दिव्याचा १८४.९ नॅनोमीटरचा प्रकाश टाकतात. पाण्याचा रेणू फुटतो आणि एक ओएच, एक हायड्रोजन अणू मिळतो. हायड्रोजन लगेच ऑक्सिजनशी जुळून एचओ-टू होतो. वाफ किती, दिव्याचा प्रकाश किती, हवा त्याखाली किती वेळ होती हे कळले की किती ओएच बनले ते कळते. ऐकायला सरळ वाटते. पण यातल्या प्रत्येक आकड्यात थोडी-थोडी चूक असते आणि सगळी मिळून वीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत जाते.

शिवाय हीच कृती दोन्ही जातींची यंत्रे वापरतात. दोन दुकानदारांचे काटे एकाच वजनाने तपासले असतील आणि ते वजनच हलके असेल, तर दोघांचेही माप सारखेच चुकेल आणि दोघेही एकमेकांची ग्वाही देतील. म्हणून एलआयएफ आणि सिम्स जुळले, तर त्यातून रसायनाच्या बाजूच्या चुका नाहीत असे म्हणता येते, मापच बरोबर आहे असे म्हणता येत नाही. तो दाखला फक्त डोआस देऊ शकते, कारण ते कोणाच्याच मापावर अवलंबून नाही.

तुलनेचे प्रयत्न जुनेच. नासाने १९८३ मध्ये व्हर्जिनियातल्या वॉलॉप्स बेटावर तीन यंत्रे एकत्र आणली. त्यांतली दोन लेसरची आणि एक किरणोत्सारी कार्बन मोनॉक्साइडची. त्या तुलनेतून कोणतीच पद्धत विश्वासाने वापरण्याजोगी ठरली नाही. माझ्या दृष्टीने ते अपयश नव्हते. त्याआधी छापून आलेल्या आकड्यांकडे सावधपणे पाहायला त्याने शिकवले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये ईशान्य जर्मनीत, मक्याच्या शेतात, यूलिशच्या गटाने डोआस आणि एलआयएफ शेजारी-शेजारी चालवले आणि दोघांचे आकडे समाधानकारक जुळले. २००१ मध्ये प्रशांत महासागरावर नासाची दोन विमाने जवळजवळ उडवून एकातले सिम्स दुसऱ्यातल्या एलआयएफशी ताडून पाहिले गेले.

पण या सगळ्यांत एक उणीव होती. यंत्रवाल्यांना एकमेकांचे आकडे दिसत होते. शेजाऱ्याचा आकडा दिसला की आपल्या यंत्रातली त्या बाजूची चूक लगेच सापडते, दुसऱ्या बाजूची सापडत नाही. यात लबाडी नसते, माणसाचे मन तसे काम करते. ती उणीव २००५ च्या उन्हाळ्यात यूलिशमधल्या हॉक्सकॉम्प मोहिमेने भरून काढली. आपले आकडे सुपूर्द करेपर्यंत कोणी कोणाचे आकडे पाहायचे नाहीत, असा नियम. ओएचची सहा यंत्रे तुलनेत उतरली: चार एलआयएफ, एक सिम्स, एक डोआस. तीन दिवस मोकळ्या हवेत आणि सहा दिवस साफिर कक्षात.

साफिर म्हणजे टेफ्लॉनच्या पारदर्शक दुहेरी पडद्याचे, २७० घनमीटरचे, आडवे नळकांडे. त्यात द्रव नायट्रोजन आणि ऑक्सिजनपासून बनवलेली शुद्ध हवा भरतात. हवे ते वायू हव्या त्या प्रमाणात सोडतात, वरची झापे उघडून ऊन आत घेतात, झापे मिटून रात्र करतात. तुलनेसाठी याहून न्याय्य जागा नाही, कारण आत सगळ्यांना एकच हवा मिळते.

निकाल असे लागले. कक्षात तीन एलआयएफ आणि डोआस यांच्या आकड्यांचे गुणोत्तर १.०१ ते १.१३ होते, म्हणजे फरक फार तर तेरा टक्के. दर २५ लाख कोटींमागे एक असलेल्या, सेकंदाच्या आत संपणाऱ्या वस्तूसाठी हा मेळ थक्क करणारा आहे. मोकळ्या हवेत मात्र तिथल्या यंत्रांच्या, म्हणजे एलआयएफ आणि सिम्सच्या, आकड्यांचे गुणोत्तर १.०६ ते १.६९ पर्यंत गेले. काही अंश यंत्रांच्या घोषित चुकांचा, काही ताडून पाहण्याच्या कृतीचा आणि काही सरळ जागेचा. काही मीटरांवर उभ्या यंत्रांना वाऱ्याने वेगळी हवा पुरवली. ओझोन, वाफ, नायट्रोजन ऑक्साइड किंवा पेरॉक्सी मूलकांमुळे (एचओ-टू आणि त्याच्या जातीची मूलके) कोणाचा आकडा लक्षणीय बिघडल्याचे आढळले नाही.

आणखी एक गोष्ट अहवाल वाचताना डोळ्यांत भरते. सिम्स फक्त मोकळ्या हवेत होते आणि डोआस फक्त कक्षात. दोघांची समोरासमोर गाठ पडलीच नाही, त्यांना एलआयएफच्या पुलावरून जोडावे लागते. आणि मोकळ्या हवेतली जागा यूलिशची, घनदाट वर्षावनातली नव्हे. इतक्या काटेकोर तुलनेनेही खरा पेच सुटला नाही, याचे कारण या दोन गोष्टींत आहे असे मला वाटते.

तो पेच त्याच वर्षी उभा राहत होता. २००५ च्या ऑक्टोबरात माइन्झच्या गटाने सुरिनामच्या वर्षावनावर विमानातून ओएच मोजले. झाडांच्या आयसोप्रीनने तिथले ओएच पार खाऊन टाकले असेल असे गणिती प्रतिमाने सांगत होती. यंत्राला त्याहून कितीतरी अधिक सापडले. २००६ मध्ये चीनच्या पर्ल नदीच्या खोऱ्यात आणि २००८ मध्ये बोर्निओच्या जंगलातही तसेच आढळले. मग रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले. आयसोप्रीनच्या ऑक्सिडीकरणातून ओएच परत कसे मिळत असेल याच्या वाटा शोधल्या गेल्या. बेल्जियममधल्या ल्यूव्हनच्या पीटर्स यांनी सुचवलेली, रेणूच्या आतल्या आत हायड्रोजन सरकण्याची वाट पुढे प्रयोगांत खरी ठरली. पण तिच्याने सगळी तफावत भरून निघेना.

मग पेन स्टेटच्या गटाने आपल्याच यंत्रावर संशय घेतला. कॅलिफोर्नियाच्या ब्लॉजेट जंगलात २००९ मध्ये त्यांनी एलआयएफच्या छिद्राच्या आधी एक वायू सोडला. हेक्झाफ्लुओरोप्रोपीन नावाचा, ओएचला झपाट्याने संपवणारा. बाहेरचे ओएच त्यात मेल्यावर जो संकेत उरेल, तो आत जन्मलेल्या ओएचचा. उरलेला संकेत एकूण संकेताच्या जवळपास निम्मा निघाला! २०१२ मध्ये माओ आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या जंगलातले खरे ओएच जुन्या रीतीने काढलेल्या आकड्याच्या सुमारे अर्धेच होते आणि प्रतिमानाशी बरेच जुळत होते.

यावरून सगळ्या एलआयएफ यंत्रांचे जुने आकडे फेकून द्यावेत असे मात्र नाही. यूलिशच्या गटाने आयसोप्रीन आणि त्याच्या पुढच्या संयुगांनी भरलेल्या साफिरमध्ये आपले एलआयएफ डोआसशी ताडून पाहिले, तेव्हा मोठी तफावत आढळली नाही. दोष पद्धतीपेक्षा रचनेत असतो. छिद्र केवढे, दाब किती, हवा लेसरपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, यावर आत किती ओएच जन्मेल ते ठरते. ते नेमके कशातून जन्मते यावर अजून वाद आहे. माइन्झच्या नोव्हेली आणि सहकाऱ्यांनी क्रीगी मध्यस्थांकडे बोट दाखवले. लिलच्या फिटशेन यांनी २०१९ मध्ये ट्रायऑक्साइड नावाच्या, पेरॉक्सी मूलक आणि ओएचच्या जुळणीतून होणाऱ्या रेणूंची शक्यता मांडली. उत्तर काहीही असो, आता अनेक गट छिद्राआधी असा मारक वायू सोडण्याची सोय बाळगतात. सिम्समध्ये ही शिस्त सुरुवातीपासून होती. ती एलआयएफमध्ये वीस वर्षे आधी यायला हवी होती असे मला ठामपणे वाटते.

एचओ-टूची कहाणी थोडक्यात सांगतो. ते ओएचच्या साधारण शंभरपट असते, पण त्याला थेट उजळवता येत नाही. म्हणून एलआयएफच्या पोकळीत नायट्रिक ऑक्साइड सोडून त्याचे ओएच करतात. कित्येक वर्षे समज असा, की फक्त एचओ-टूच असे बदलते. २०११ मध्ये फुक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की आयसोप्रीन आणि अल्कीन वायूंपासून झालेली काही पेरॉक्सी मूलकेही तितक्याच सहज ओएच होतात आणि एचओ-टूच्या खात्यावर चढतात. इलाज म्हणजे नायट्रिक ऑक्साइड कमी सोडणे. त्यात संवेदनशीलता जाते, पण खरेपणा येतो.

पेरॉक्सी मूलकांसाठी आणखी दोन जुन्या वाटा आहेत. एकीत हवा उणे १९६ अंशांवर जड पाण्याच्या बर्फात गोठवतात आणि मूलकांचे सुटे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात मोजतात. आकडा खात्रीचा, पण एका नमुन्याला अर्धा तास. दुसरीत नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड सोडून एका मूलकाकडून साखळीने शंभराहून अधिक नायट्रोजन डायऑक्साइड रेणू बनवून घेतात आणि ते मोजतात. स्वस्त आणि सुटसुटीत. १९९८ मध्ये कळले की हवा दमट झाली की ही साखळी आखडते, पन्नास टक्के आर्द्रतेला जवळपास निम्मी. कोकणासारख्या हवेत हे यंत्र लावायचे, तर आर्द्रतेची दुरुस्ती केल्याविना त्याचा आकडा घेऊच नये.

आपल्याकडच्या हवेशी या सगळ्याचा थेट संबंध आहे. ओएच किती वेगाने संपते हे मोजण्याची, पायरोल वायूच्या मदतीने चालणारी पद्धत विनायक सिन्हा यांनी माइन्झमध्ये असताना सहकाऱ्यांसह २००८ मध्ये मांडली. पुढे ते मोहालीच्या आयसरमध्ये आले. त्या जातीच्या यंत्रांची तुलनाही २०१५ आणि २०१६ मध्ये साफिरमध्ये झाली. २०१५ च्या पावसाळ्यात जर्मनीचे हालो विमान मालदीव आणि सायप्रसहून उडाले आणि मान्सूनच्या ढगांनी वर नेलेली दक्षिण आशियाची हवा त्याने तपासली. त्यातल्या एलआयएफला मारक वायूची जोड होती. विजांमुळे बनलेल्या नायट्रोजन ऑक्साइडांनी तिथले ओएच वाढवले आहे आणि तेच आपले प्रदूषण बरेचसे धुऊन काढते, असा निष्कर्ष निघाला. तो मी विश्वासाने वाचतो, कारण वजाबाकी कशी केली ते सांगितलेले आहे.

महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएमची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. भोवती सह्याद्रीचे जंगल, चार महिने ढगात बुडालेली हवा, उरलेल्या महिन्यांत कडक ऊन. सल्फर डायऑक्साइडचे वायुरूप गंधकाम्ल मुख्यतः ओएच करते आणि त्या गंधकाम्लाच्या कणांवर ढगाचे थेंब धरतात, तेव्हा ओएचचा प्रश्न तिथल्या कामाच्या बाहेरचा नाही. आपल्या एखाद्या गटाने सह्याद्रीत ओएचचे यंत्र उभारले, तर माझी एकच विनंती आहे. पहिल्या दिवसापासून छिद्राआधी मारक वायू सोडा, आणि शेजारी दुसऱ्या तत्त्वावर चालणारे यंत्र ठेवा, त्याचे आकडे शेवटपर्यंत न पाहता.